सेल्फ हलका फिरला तेव्हाच कळलं

"मिस्त्री, खंबाटकी चढताना गाडी बंद पडली हो. खट्‌ वाजलं आणि गेलीच. डिझेल तर अर्धी टाकी आहे."

सांगता सांगता सरांनी परत सेल्फ मारला आणि तो आवाज मला फोनवर ऐकू आला. एरवी इंजिन दम खात फिरतं. हे शिलाई मशीनसारखं एका सुरात सुळसुळत होतं. म्हणजे कॉम्प्रेशनच नाही, सिलिंडरात हवा दाबलीच जात नव्हती. मी ओरडलोच, "सर, किल्लीला हात लावू नका! आणि धक्का तर अजिबात मारू देऊ नका कुणाला."

गाडी टोचन करून भुईंजला माझ्या गॅरेजवर आली. टायमिंग बेल्टचं कव्हर काढलं तर बेल्ट तुटून खाली लोंबत होता, सात-आठ दात सोलून निघालेले. पण रबर अजून कोवळं होतं, एकही चीर नाही. असा बेल्ट आपणहून तुटत नाही. वॉटर पंपाची चक्री फिरवून बघितली, ती जाम. खाली कूलंटचा वाळलेला गुलाबी ओघळ. पंपाचं बेअरिंग धरलं आणि थांबलेल्या चक्रीवरून बेल्ट घासत गेला.

हेड खोललं. या इंजिनात उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांची जागा एकच. बेल्ट त्यांच्या वेळा सांभाळतो म्हणून ते एकमेकांना चुकवतात. पिस्टन वरखाली करणाऱ्या क्रँकच्या दोन फेऱ्यांना व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमची एक, हा हिशेब. बेल्ट गेला की कॅम जागीच थांबतो, गाडीच्या वेगाने क्रँक मात्र फिरत राहतो. पिस्टनच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखे ताजे ठसे होते. व्हॉल्व्ह काढून टेबलाच्या काचेवर एकेक लोळवला. आठांतले पाच लंगडत गेले, म्हणजे वाकलेले.

सर म्हणाले, "पण बेल्ट तर 80,000 किलोमीटरला बदललाय, आता कुठे 1,12,000 होतायत." डॅशबोर्डातून त्यांनी बिल काढलं. अक्षर माझंच. बेल्ट, त्याला ताणून धरणारा टेन्शनर, वळवणारा आयडलर. पंपाच्या ओळीवर काट.

मला तो दिवस आठवला. "पंप चांगला चाललाय ना, मग राहू द्या," सर म्हणाले होते. पंप काढायला पुन्हा सगळं तेवढंच खोलावं लागतं, हे मला माहीत होतं. पण बाहेर तीन गाड्या थांबलेल्या. मी बरं म्हटलं आणि काट मारली.

व्हॉल्व्ह, गाईड, हेडचं लेथकाम, गॅस्केट, नवा बेल्ट-किट, पंप. सामानाचेच पैसे ऐकून सर गप्प झाले. मजुरी किती लावायची, यावर मी दोन दिवस काढले. शेवटी निम्मी लावली.

सरांनी कारण विचारलं नाही.