तिसऱ्यांवरच्या शोधनिबंधाची संदर्भसूची : माझा अनुभव

रत्नागिरीच्या भाट्ये खाडीत तिसऱ्या (एक प्रकारचे शिंपले) आणि कालवं काढणाऱ्या बायकांच्या कामावर मी आणि माझ्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध लिहिला. हा विषय आमच्या कक्षेत बसत नाही, असे कळवून पहिल्या नियतकालिकाने तो परत पाठवला. दुसऱ्या नियतकालिकाकडे पाठवताना मजकुरात फारसा बदल करावा लागला नाही. खरे काम निघाले ते संदर्भांचे. पहिल्या ठिकाणी व्हँकूव्हर शैली चालत होती, म्हणजे मजकुरात नुसता आकडा आणि शेवटी त्याच क्रमाने यादी. दुसऱ्या ठिकाणी एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) शैलीची सातवी आवृत्ती बंधनकारक होती, म्हणजे मजकुरात आडनाव व वर्ष आणि शेवटी आडनावांच्या वर्णानुक्रमाने यादी. या बदलातून जाताना जे हाती लागले ते इथे मांडते, कारण आमच्या भागातल्या अनेक प्राध्यापकांना आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना याच वाटेने जावे लागते.

आमचे सगळे संदर्भ झोटेरो या संदर्भ साठवून त्यांची यादी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होते. ते मोफत आहे आणि त्यात शैली बदलायला काही क्षण लागतात, हे खरेच आहे. मात्र झोटेरो आपल्या नोंदीतली माहिती जशी असेल तशीच नव्या शैलीत मांडते, त्यामुळे एका शैलीत झाकलेली उणीव दुसऱ्या शैलीत उघडी पडते. व्हँकूव्हरमध्ये सहा लेखकांनंतर ‘एट अल.’ (आणि इतर) लिहिण्याची रीत असल्यामुळे हाताने भरलेल्या काही नोंदींमध्ये पुढची नावे नव्हतीच. एपीएला यादीत वीस लेखकांपर्यंत सगळी नावे लागतात. नियतकालिकांची नावेही आधी संक्षिप्त चालत होती, ती आता पूर्ण हवी होती. सरकारी अहवालांची गत तर पाहण्यासारखी होती. संकेतस्थळावरून आपोआप उतरवलेल्या नोंदीत मत्स्यव्यवसाय विभागाचे इंग्रजी नाव व्यक्तीच्या नावासारखे दोन रकान्यांत तुटले होते आणि यादीत ‘फिशरीज, डी. ऑफ’ असा लेखक अवतरला होता. लेखकाच्या रकान्याशेजारी एक लहान चिन्ह असते. ते दाबले की दोन रकान्यांचा एक होतो आणि संस्थेचे नाव अखंड राहते. शीर्षकातली शास्त्रीय नावे तिरप्या अक्षरांत यावीत, यासाठीही मूळ नोंदीतच खूण करावी लागते. वर्डच्या फाइलमध्ये केलेली दुरुस्ती यादी पुन्हा ताजी होताच पुसली जाते, म्हणून दुरुस्ती नेहमी नोंदीत करावी.

आडनावांचा प्रश्न कोकणात विशेष जाणवतो. सावंत, कदम, पाटील ही आडनावे आमच्या यादीत पुन्हा पुन्हा येत होती. पहिल्या लेखकांचे आडनाव एकच असेल आणि आद्याक्षरे वेगळी असतील, तर वर्षे निराळी असली तरी मजकुरातल्या प्रत्येक उल्लेखात आद्याक्षरे द्यावीत, असा एपीएचा नियम आहे. त्याच्या उलट अडचणही येते. एकाच व्यक्तीचे आडनाव एका लेखात इंग्रजी ‘डब्ल्यू’ने आणि दुसऱ्यात ‘व्ही’ने छापलेले असते. अशा वेळी छापले आहे तसेच ठेवावे, असे माझे ठाम मत आहे. आपण एकसारखे केलेले नाव घेऊन शोधणाऱ्या वाचकाला मूळ लेख सापडणार नाही.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो गॅझेटिअरच्या, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथांच्या, नोंदींनी. खाडीतल्या मासेमारीचे जुने वर्णन आम्ही बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटिअरच्या दहाव्या खंडातून, म्हणजे रत्नागिरी व सावंतवाडीच्या १८८० सालच्या खंडातून, घेतले होते आणि काही माहिती १९६२ च्या सुधारित जिल्हा गॅझेटिअरमधून. अंकशैलीत हे दोन्ही ग्रंथ वाचकाला दोन आकड्यांसारखे दिसत होते. वर्ष मजकुरात आल्याबरोबर चित्र बदलले. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला, त्यामुळे १९६२ च्या पुस्तकातला ‘रत्नागिरी जिल्हा’ आजच्या जिल्ह्यापेक्षा कितीतरी मोठा आहे आणि त्यातला कोणताही आकडा आजच्या आकड्याशेजारी तसाच ठेवता येत नाही. उल्लेखात वर्ष दिसले की जाणकार वाचक तिथेच सावध होतो. एपीएविषयी माझ्या मनात आदर निर्माण झाला तो याच ठिकाणी. पृष्ठांकांबाबतही एक गोष्ट सांभाळावी लागते : स्कॅन केलेल्या प्रतीत संगणक जो पानाचा क्रम दाखवतो, त्यात मुखपृष्ठ व प्रस्तावनाही मोजलेली असते. संदर्भात द्यायचा तो पानावर छापलेला क्रमांक.

लेखक-वर्ष पद्धतीत प्राणिशास्त्राच्या लोकांपुढे आणखी एक गुंता उभा राहतो. तिसरीचे नाव आम्ही ‘मेरेट्रिक्स मेरेट्रिक्स (लिनियस, १७५८)’ असे लिहिले होते. हे हुबेहूब संदर्भासारखे दिसते. ‘मॅडम, लिनियस यादीत नाही,’ असे आमच्या विद्यार्थिनीने लगेच दाखवून दिले आणि तिची शंका रास्तच होती. पण हा त्या प्रजातीचे प्रथम वर्णन करणाऱ्याचा निर्देश आहे, आणि वर्णन झाले तेव्हा ती दुसऱ्या प्रजातिकुलात (इंग्रजीत ‘जीनस’) होती, हे तो कंस सांगतो. तारली माशाच्या ‘सार्डिनेला लाँगिसेप्स वलांसिएन, १८४७’ या नावात कंस नाही, कारण तिचे प्रजातिकुल बदललेले नाही. यादी एकसारखी करण्याच्या नादात कोणी तारलीलाही कंस घातला तर शास्त्रीय अर्थच बदलतो. असे निर्देश संदर्भसूचीत द्यायचे की नाही, याबाबत प्रत्येक नियतकालिकाचा दंडक वेगळा असतो. आम्ही लेखकांसाठीच्या सूचना पाहिल्या आणि त्याच नियतकालिकाचे अलीकडचे लेख चाळून पद्धत ठरवली.

डीओआयचे, म्हणजे लेखाच्या कायमच्या ऑनलाइन ओळखक्रमांकाचे, काम सोपे पण चिकाटीचे आहे. डीओआयची नोंद ठेवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेच्या संकेतस्थळावर संदर्भाचा मजकूर टाकला की डीओआय असल्यास मिळतो. मिळालेला प्रत्येक दुवा आम्ही उघडून पाहिला, कारण जवळपास सारख्या शीर्षकाच्या दुसऱ्याच लेखाचा क्रमांक पुढे येऊ शकतो. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या जुन्या प्रकाशनांपैकी ज्यांना डीओआय नव्हता, त्यांना संस्थेच्याच ऑनलाइन भांडारातला दुवा दिला. मराठी पुस्तकांची शीर्षके रोमन लिपीत लिहून पुढे चौकटी कंसात इंग्रजी अर्थ दिला.

एक गोष्ट मात्र नियम समजून घेऊनही मनाला लागली. कोणत्या भरतीनंतर कुठल्या पुळणीवर तिसरी मिळते, हे आम्हांला खाडीतल्या मावशींनी सांगितले. एपीएनुसार अभ्यासात सहभागी झालेल्यांचे बोलणे ही संशोधनाची सामग्री ठरते, त्यामुळे ते संदर्भसूचीत येत नाही. म्हणून आम्ही संशोधनपद्धतीच्या भागात त्यांच्या ज्ञानाचे वर्णन सविस्तर केले : कोणत्या वाडीत, कोणत्या हंगामात, कोणत्या संमतीने हे संभाषण झाले आणि निष्कर्षातला कोणता भाग थेट त्यांच्या सांगण्यावर उभा आहे. सूचीत जागा नसेल, तर मजकुरात ती जाणीवपूर्वक करून द्यावी लागते.

पाठवण्याआधी आम्ही यादी छापून घेतली. एकीने मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसरीने यादीतल्या नोंदीवर खूण करायची. खूण न झालेली नोंद काढायची आणि यादीत न सापडलेला उल्लेख शोधायचा. मग झोटेरोची जोडणी असलेली फाइल वेगळी जपून ठेवली आणि जोडणी तोडलेली प्रत नियतकालिकाच्या संकेतस्थळावर चढवली. परीक्षकांनी पुढे दोन नवे लेख विचारात घ्यायला सुचवले, तेव्हा त्या जपलेल्या फाइलमध्येच ते घातले आणि यादी पुन्हा आपोआप जुळली. मुद्रितशोधनाच्या वेळी संपादकीय विभागाने संदर्भांबाबत एकच विचारणा केली : १८८० च्या गॅझेटिअरचा प्रकाशक कोणता? मुंबईचे गव्हर्न्मेंट सेंट्रल प्रेस, असे आम्ही शीर्षकपानाच्या चित्रासह त्याच दिवशी कळवले.