मेंढ्याच्या सभेत बसून आले

गडचिरोलीहून धानोऱ्याची सकाळची एसटी धरली. चातगाव आलं, तिथलं अभय आणि राणी बंग यांचं शोधग्राम गेलं, आणि पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना जंगल लागलं. एप्रिलचे दिवस. मोहाच्या झाडांखालची जमीन झाडून स्वच्छ केलेली, आणि बाया-पोरं टोपल्या घेऊन वाकलेली. उघड्या खिडकीतून मोहफुलांचा गोडसर वास आत येत होता. "मेंढा-लेखावाले उतरा जी," कंडक्टरने आवाज दिला, आणि मी एकटीच उतरले.

हे गाव बघायचं कधीपासून मनात होतं. माझं बालपण पश्चिम विदर्भातल्या एका खेड्यात गेलं. तिथे ग्रामसभा म्हणजे शिपाई संध्याकाळी रजिस्टर घेऊन घरी यायचा आणि आई चुलीपुढून उठून ओल्या हाताने अंगठा द्यायची. कशावर दिला, हे तिला कधी कोणी सांगितलं नाही आणि तिनेही कधी विचारलं नाही. गावातला नाला कोणी, कधी विकून टाकला ते आम्हाला जेसीबी आल्यावर कळलं. म्हणून पाचशेच्या आसपास वस्तीच्या एका गोंड गावाने आपलं जंगल कागदावर परत मिळवलं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं सांगते, मला आधी आईचा तो अंगठा आठवला.

गावाची घोषणा आता महाराष्ट्रभर माहीत आहे: 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' गोंडीत 'मावा नाटे मावा राज'. घोषणा म्हणून ती सुंदर आहेच, पण तिच्या मागची वर्षं मोजली पाहिजेत. ऐंशीच्या दशकात गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम ही धरणं होऊ घातली होती. त्यांच्या विरोधात 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं. आदिवासी नेते लाल श्याम शाह, बाबा आमटे अशी माणसं त्यात होती. धरणं थांबली, आणि प्रश्न उरला तो रोजच्या जगण्याचा. जंगलातला बांबू पेपर मिलच्या ठेक्यात ट्रक भरभरून जायचा, आणि गावातल्या कोणी टोपली विणायला चार काड्या तोडल्या तर तो गुन्हा. गावाने घोटुल, म्हणजे गोंड तरुण पोरापोरींनी एकत्र जमायचं गावाचं घर, बांधायला सागाचं लाकूड आणलं, तर वनखात्याने ते घोटुल मोडलं. मग आजूबाजूच्या गावांनीही घोटुलं बांधायला घेतली. किती मोडणार?

याच काळात देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची जोडी जमली. देवाजी गावातलेच. मोहनभाऊ बाहेरचे, सर्वोदयी विचारांचे, 'वृक्षमित्र' संस्थेचे, आईचं नाव वडिलांच्या आधी लावणारे. मला त्यांच्या कामात सगळ्यात मोठी वाटते ती ही गोष्ट, की ते गावाचे पुढारी झाले नाहीत. गावात अभ्यासगट सुरू झाले. लोक बसून कायदा वाचत, निस्ताराचे, म्हणजे घरच्या गरजेपुरतं लाकूड-बांबू जंगलातून आणायचे, जुने हक्क शोधत, आणि निर्णय मात्र गावाची सभा घेई, तोही सर्वांच्या सहमतीने. कार्यकर्ता निघून गेला की काम बसतं, असं आपण कितीदा पाहिलंय. इथे ते बसलं नाही.

२००६ साली वनहक्क कायदा आला आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळालेल्या गावांपैकी हे एक. पण बांबू विकायला निघाले तर वाहतूक परवाना मिळेना. १९२७ च्या वन कायद्यात बांबूची गणती झाडात होती, आणि नव्या कायद्यात तो गौण वनउपज, म्हणजे गावाला गोळा करून विकता येणारा माल. एकाच काडीची दोन नावं, आणि त्या दोहोंच्या मध्ये गावाचा माल अडकलेला. गावाने हट्ट धरला, की परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती द्या. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि ते पुस्तक देवाजींच्या हातात दिलं. वन कायद्याच्या व्याख्येतून बांबू निघायला पुढे २०१७ साल उजाडलं. त्याआधी २०१३ मध्ये तर गावाने आपली शेतजमीनही ग्रामदानात देण्याचं, म्हणजे तिची मालकी गावाच्या नावे करण्याचं, ठरवलं.

मी पोचले तेव्हा सभा भरत होती. आधी एका घरी भात आणि लाखोरीची डाळ जेवायला घातली, मग मला मागच्या बाजूला सतरंजीवर जागा दिली. बाया पुढे होत्या, हे मी मुद्दाम लिहिते. विषय साधा: बोडीतले, म्हणजे गावच्या छोट्या तळ्यातले, मासे यंदा ठेक्याने द्यायचे का. पैसा बरा येणार होता. एकेक जण बोलत होता, बरंचसं गोंडीत. शेजारची बाई मला हळू आवाजात मराठीत सांगत होती. तासाभरात बहुतेकांचं 'द्यावं' असं झालं.

तेवढ्यात खांबाला टेकून बसलेली एक म्हातारी बोलली. दोनच वाक्यं. सगळे गप्प झाले. शेजारची म्हणाली, "बुढी म्हन्ते, ठेकेदाराचा मानूस काठावर बसला का माहा नातू मासा कोठून धरंल?"

मी विचारलं, "मग आता हात वर करून मत घेणार?"

"हात नाही मोजत जी आमी. हात मोजले का कोनीतरी हारते."

आणि खरोखर कोणी मोजले नाहीत. एका तरुणाने तिला समजावून पाहिलं: पोरांसाठी एक कोपरा सोडू म्हणाला. म्हातारीने मान हलवली, होकाराची नव्हे. त्याने पुन्हा एकदा सांगितलं, मग तोच थांबला. कोणी तिच्यावर आवाज चढवला नाही, की 'एकटीसाठी किती वेळ' असंही कोणी म्हटलं नाही. बाहेर ऊन कलायला लागलं होतं, मोहफुलं उचलायची होती, तरी माणसं बसून राहिली.

शेवटी लिहिणाऱ्या मुलाने वही मांडीवर ओढली. मी वाकून पाहिलं. ठळक, गोल अक्षरात त्याने लिहिलं: 'बोडीचा विषय. एकमत झाले नाही. पुढील सभेत परत घेणे.' मग ते मोठ्याने वाचलं, आधी मराठीत, नंतर गोंडीत. म्हातारीने कान देऊन ऐकलं, उठली, पदराला बांधलेली तंबाखूची पुडी सोडली आणि घराकडे निघाली.