ओढा गुडघ्याएवढाच होता

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवीन. प्रश्न दर वेळी तोच असतो. "पलीकडे वाडीतले दिवे दिसत होते, ओढा गुडघ्याएवढा होता, मग वीसेक पोरापोरींना रात्रभर पावसात का बसवून ठेवलंत?" काही जण पुढे असंही म्हणतात की पुरुष लीडर असता तर दोर लावून अर्ध्या तासात सगळ्यांना पार केलं असतं. दोर माझ्याच सॅकमध्ये होता. तो कसा लावायचा ते मला येतं, म्हणूनच लावला नाही.

जुलै २०२४, भीमाशंकरच्या कोकण बाजूचा पदर, म्हणजे कड्याखालची सपाटी. एक दिवसाचा ट्रेक, लीडर मी. परतताना ओढ्याच्या अलीकडे रात्र काढावी लागली आणि त्यात एक मुलगी गारठली. आता थेट ओढ्यावर येते.

सकाळी तोच ओढा घोट्याएवढा होता. बुटांत पाणी जाऊ नये म्हणून पोरं दगडांवरून उड्या मारत गेली होती. संध्याकाळी साडेपाचला परत आलो तेव्हा पाणी गुडघ्याला लागत होतं, हे खरंच आहे. पण पाणी मातकट झालं होतं, त्यातून कारवीच्या काड्या आणि पाला वाहत होता, आणि काठावर उभं राहिलं की तळाचे दगड एकमेकांवर आपटल्याचं पायाला कळत होतं. मी काठावरच्या एका दगडावर खूण धरली. दहा मिनिटांत तो दगड दिसेनासा झाला. आमच्या डोक्यावर तेव्हा फक्त भुरभुर होती.

नेमकं हेच कुणालाही पटत नाही. "पाऊस तर थांबला होता ना?" पदरात जवळजवळ थांबला होता, कड्यावर नाही. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा आहे, वर मातीचा थर पातळ. घाटमाथ्यावर तासभर कोसळला की ते पाणी मुरत नाही, मिळेल त्या घळीने खाली येतं आणि सगळ्या घळी एकाच ओढ्यात उतरतात. हवामान खातं दिवसाला साधारण ६५ ते ११५ मिलिमीटर पावसाला 'जोरदार' म्हणतं, २०४ च्या पुढे 'अत्यंत जोरदार'. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पडला. हल्ली घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतात तो एवढ्यासाठीच. त्या दिवशीचा इशारा पिवळा होता. नारिंगी असता तर आम्ही घरातून निघालोच नसतो. हे मी बचाव म्हणून सांगते आहे, आणि सांगायचा मला हक्क आहे.

आता दोराचं. वाहत्या पाण्यात माणसाला दोराने बांधलं आणि त्याचा पाय सुटला, तर दोर ताणला जातो आणि पाणी त्याला तिथल्या तिथे खाली दाबून धरतं. ताणलेली गाठ हाताने सुटत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. हात धरून साखळी करावी म्हणाल, तर एकाचा तोल गेला की तो दोघांना ओढतो. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात ३० जून २०२४ ला एक कुटुंब प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभं होतं, तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिलात. पाच जणांचा जीव गेला. आमच्या आधी जेमतेम महिनाभर.

आणि आमच्या वाटेपासून चाळीसेक पावलं खाली ओढा एका कड्यावरून पडत होता. हे विचारणाऱ्यांपैकी कुणीच धरत नाही. मी पाणी किती खोल आहे याकडे पाहत नव्हते, पाय सुटला तर माणूस कुठे जाईल हे पाहत होते.

आमच्याबरोबरचे वाटाडे मामा त्याच वाडीतले. त्यांचं घर पलीकडे, चूल पेटलेली. ते काठीने पाणी चाचपून मागे आले आणि म्हणाले, "ताई, आता नाय. पाऊस थांबला की पानी उतरतंय, पन आता नाय." दोन दणकट मुलं तरी अडून बसली, आधी आम्ही जाऊन दोर बांधतो म्हणून. मी त्यांच्यावर ओरडले. भीती वाटत होती का, असंही विचारता. वाटत होती.

थांबायचं ठरलं की सगळं मिटलं, असंही नाही. कुठे थांबायचं? इर्शाळवाडीवर दरड कोसळून नुकतं वर्ष झालं होतं, आणि ती जागा तिथून काही फार लांब नाही. मातीच्या उतारापासून लांब, डोंगराच्या सोंडेवर एक पुढे आलेला कातळ होता. तिथे सगळ्यांना नेलं, वर प्लास्टिकचं कापड ताणलं. आत तीन बाजूंनी वारा येत होता.

आता ती गारठलेली मुलगी. तिच्या अंगात पोंचोखाली जीन्स आणि सुती टीशर्ट. 'सुती कपडे नकोत' असं आम्ही दर वेळी लिहून पाठवतो, पण निघताना प्रत्येकाची सॅक उघडून बघत नाही. नऊच्या सुमारास ती कुडकुडत होती, सगळेच कुडकुडत होते. बाराच्या पुढे तिचे शब्द जड झाले. मी सॅकची चेन लावायला सांगितली, तिला जमेना. मग कुडकुडणं थांबलं. शेजारची मैत्रीण म्हणाली, "बरं वाटतंय वाटतं तिला." माझ्या पोटात खड्डा पडला. गारठलेल्या माणसाचं थरथरणं अंग न सुकता थांबलं, तर शरीराने हार मानायला सुरुवात केलेली असते. त्यासाठी बर्फ लागत नाही. वीस अंशांतही ओले कपडे आणि वारा पुरतात.

आम्ही तिचे ओले कपडे काढले. ज्याच्या त्याच्या सॅकमधून प्लास्टिकच्या पिशवीत राहिलेला कोरडा शर्ट, मोजे, टॉवेल गोळा केले. रिकाम्या सॅका खाली अंथरल्या, कारण कातळ अंगातली ऊब ओढून घेतो. माझ्याकडचं चंदेरी ब्लँकेट गुंडाळलं, त्यावर मामांनी स्वतःच्या खांद्यावरची घोंगडी दिली. लोकर भिजली तरी ऊब धरते. दोन मुली दोन बाजूंनी चिकटून बसल्या. कुणीतरी तिचे हातपाय जोरात चोळू लागलं, मी थांबवलं. तिला गिळता येतंय याची खात्री करून घोटघोट साखरपाणी दिलं. चहा करायला काही नव्हतं. एक दिवसाचा ट्रेक, स्टोव्ह कोण नेतो?

मी तिला सारखी प्रश्न विचारत राहिले. कॉलेज कुठलं, लोकल कुठली पकडतेस, घरी कोण कोण. बराच वेळ उत्तरं नुसती 'हं' होती. तीननंतर पाऊस थांबला. त्यानंतर केव्हातरी ती पुन्हा कुडकुडायला लागली, दात वाजेपर्यंत, आणि मला रडू आलं.

साडेसहाला ओढा नडगीपर्यंत उतरला होता. सगळे चालत पलीकडे गेलो. तिला सरकारी रुग्णालयात नेलं, संध्याकाळी घरी सोडलं.

तिच्या वडिलांनी मला फोनवर विचारलं, "अर्ध्या तासात वाडीत चूल मिळाली असती, हे तुम्हाला माहीत होतं की नाही?" माहीत होतं. बहुतेक सगळे पार झाले असते, हेही मला वाटतं. कदाचित सगळेच. मग ती गारठली नसती, आणि तुम्ही कुणी मला काहीच विचारलं नसतं.

पंचविशीतली मी याच बाजूने भांडते. तिने असे ओढे दोर लावून पार केले आहेत, माणसं पलीकडे नेली आहेत आणि संध्याकाळी वडापाव खाल्ला आहे. ती म्हणते, तू पाण्याच्या संभाव्य धोक्यापायी थंडीचा खराखुरा धोका ओढवून घेतलास, आणि त्या मुलीला विचारलंही नाहीस. तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. मी तिला तो खालचा कडा दाखवते. ती म्हणते, असे कडे माझ्याही वाटांवर होते.

त्या मुलीच्या वडिलांना मी सगळं सांगितलं: पाण्याचा रंग, दगडांचा आवाज, मामांचं म्हणणं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमची मुलगी असती तर?" मी म्हटलं, तरीही थांबले असते. त्यांना ते पटलं नाही. त्या रात्री दोन वाजता, त्यांची मुलगी उत्तर देत नव्हती तेव्हा, मलाही पटत नव्हतं.

आता निघायच्या आधी मी प्रत्येकाची सॅक उघडून बघते, त्यावरून लोक रागावतात. एक दिवसाच्या ट्रेकलाही छोटा स्टोव्ह आणि दोन घोंगड्या नेते, वजन झालं तरी. त्या वाटेने परतताना दुपारी दोनच्या आत ओढ्यावर पोचायचं, नाहीतर वर जायचंच नाही, असं मामांशी ठरलं आहे. आणि पाणी पुन्हा तसंच आलं तर? मामा म्हणतात, थांबायचं. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.