जाळी झाडायच्या आधी जरा थांबा

बागेत देशी झाडं लावली, फुलपाखरं आली, तरी शिंजीर घरटं करत नाही, अशी तक्रार हमखास ऐकू येते. अशा बागेत बहुधा झाडू जरा जास्तच फिरत असतो. शिंजिराचं लोंबतं घरटं गवत आणि साली यांचं असलं, तरी त्याला धरून ठेवतो तो कोळ्याचा धागा. बाहेरून डकवलेली अळ्यांची लीदही त्याच धाग्यानं चिकटलेली असते. शिंपी पक्षी पानांच्या कडांना भोकं पाडून घालतो त्या टाक्यांतही कापसासोबत हाच धागा असतो.

म्हणून दारासमोरची जाळी काढा, झुडपांतली राहू द्या. पावसाळ्यात जाळ्याच्या मधोमध पांढरी नागमोडी नक्षी विणून पायांची फुली करून बसलेला कोळी दिसला, तर तिथली छाटणी दिवाळीनंतरवर ढकला. फुलात दबा धरून बसलेला पांढरा-पिवळा खेकडा-कोळी मधमाश्या मारतो हे खरं, पण त्यालाही हात लावू नका.

अळ्यांसाठी कढीपत्ता सगळ्यांत सोपा. एक झाड स्वयंपाकाला, एक अळ्यांना, हा हिशेब आधीच करा. दोन फुटी रोपावर लिंबाच्या फुलपाखराच्या तीन-चार अळ्या ठीक. जास्त असल्या तर उरलेल्या लिंबाच्या झाडावर हलवा. सुरुवातीला अळी पक्ष्याच्या शिटेसारखी काळी-पांढरी असते, शेवटच्या टप्प्यात हिरवी होते आणि खरा फडशा तेव्हाच पाडते. डिवचलं की डोक्यामागून लालसर शिंगं काढून उग्र वास सोडते. ती चावत नाही.

अळ्या काळ्या पडून मरू लागल्या तर संशय आधी नर्सरीच्या रोपावर घ्या. मुळाशी घातलेलं औषध कोवळ्या पानांपर्यंत चढतं. कडुलिंबाचं तेलही अळ्यांना मारतं, ‘सेंद्रिय’ म्हणून या झाडावर फवारू नका. कढीपत्त्याचं बी घरीच रुजवणं बरं: पिकलेल्या काळ्या फळाचा गर काढून चार-पाच दिवसांत पेरा, वाळलेलं बी सहसा रुजत नाही.

रुईवर रुईचं फुलपाखरू येतं आणि मोठे काळे भुंगेही. त्या भुंग्यांना घर म्हणून वाळका बांबू आडवा टांगा: एक टोक पेरानं बंद, दुसरं उघडं, छत असलेल्या जागी. भिजला तर बुरशी धरते. टाकळा लावावा लागत नाही, पहिल्या पावसानंतर आपोआप उगवतो. तो सगळाच भाजीला खुडला नाही, तर पिवळी फुलपाखरं त्यावर अंडी घालतात. घाणेरीवर फुलपाखरं दिसतात ती मधासाठी. ती परदेशी आहे, माजते, लावू नका.

तुळशीच्या मंजिऱ्या खुडायची सवय असते. निदान एका रोपावरच्या तरी राहू द्या, निळ्या पट्ट्यांच्या माश्या त्यावर येतात. संध्याकाळी त्या एखाद्या काडीला जबड्यानं धरून झोपतात, टॉर्च घेऊन पाहा. त्या मातीत बीळ करतात, त्यामुळे हातभर जागा फरशी न घालता उघडी ठेवा.

पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं पसरट, दोन-तीन सेंटिमीटर खोल असावं आणि त्यात एखादा दगड ठेवावा. दर तीन दिवसांनी ते नुसतं ओतून भरू नका, आतली कड काथ्यानं घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी त्या कडेलाच चिकटलेली असतात.