फडक्यातला गाळ

टँकर आला की आजी आधी हंडा धरत नाही, फडकं धरते. जुन्या लुगड्याचा मऊ धडपा, दुहेरी घडी करून हंड्याच्या तोंडावर. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेही तिनं गाळूनच घेतलं होतं.

यामागं नारू आहे. तिच्या लहानपणी पायऱ्यांच्या बारवेचं पाणी प्यायचे. त्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या जेमतेम दिसणाऱ्या किड्यातून नारूचं पिल्लू पोटात जायचं आणि वर्षभरानं पायातून लांबलचक दोरा होऊन निघायचं. देश २००० साली नारूमुक्त ठरला. फडकं मात्र हंड्यावरून उतरलं नाही.

परवा त्या फडक्यावरचा गाळ न्याहाळता न्याहाळता माझ्या मनात एक प्राणी तयार झाला. समुद्रातला. (मराठवाड्यातल्या माणसाला समुद्र मनातल्या मनातच परवडतो.) टाचणीच्या टोकाहून बारीक. नाव ठेवलं गाळू.

गाळूची अडचण अशी, की एवढ्याशा जिवाला पाणी पाण्यासारखं लागत नाही, काकवीसारखं लागतं. हातपाय थांबले की जागीच थिजला, पुढं घसरत जाणं नाही. म्हणून त्याला केसांची फणी दिली. युक्ती माझी नाही, खऱ्याखुऱ्या कोपेपॉडांची, म्हणजे सायक्लॉप्सच्याच जातकुळीतल्या बारीक जलचरांची आहे. केस हळू हलवले तर मधलं पाणी त्यांना चिकटून राहतं आणि फणीची पळी होते. झपकन हलवले की पाणी फटींतून निसटतं आणि पळीची चाळणी होते. एकाच भांड्यात दोन भांडी!

घर मात्र ओइकोप्लूराकडून उचललं. हा मिलिमीटरभराचा जीव अंगातल्या शेंबडासारख्या चिकट द्रवाचं घर करतो आणि आत बसून शेपटीनं पाणी ओढतो. बाहेर जाड जाळी, आत बारीक. जाळी तुंबली की धूत बसत नाही; घर टाकून निघतो, नवं फुगवतो, दिवसातून कितीदा तरी. टाकलेलं घर बुडत बुडत खाली जातं आणि तळाकडचे जीव त्यावर जेवतात.

हे सगळं आजीला सांगितलं.

"रोज नवं फडकं? लई माजलंय की." मग जरा थांबून, "आन् गाळलेल्या पाण्याचं काय करतंय?"

"सोडून देतंय. गाळच खातंय."

पाणी मीच सांडल्यासारखं तिनं माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात हंडा भरला. आजीनं फडकं अलगद उचललं, उलटं केलं आणि कढीपत्त्याच्या बुडाशी झटकलं.