क्लब बंद करायची रीत

फॅशन स्ट्रीटवर शर्टाची घासाघीस रंगात आली होती. तेवढ्यात सर कोसळली, दुकानदारांनी निळं प्लास्टिक खाली ओढलं आणि मी छत्री सावरत बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाशी गेलो. आत चिखलात रग्बी. याच मैदानावर १९३३ साली भारतातली पहिली कसोटी झाली. पावसाळ्यात मात्र तिथे माणसं एकमेकांना लोळवतात. नव्वदीच्या शेवटी फुटपाथवरची पोरं अशीच बाहेरून बघत उभी असायची. संघातल्या मॅथ्यू स्पेसीनं त्यांना आत बोलावलं, खेळ शिकवला. ‘मॅजिक बस’ संस्था निघाली ती त्यातूनच.

रग्बीतलं मला एवढंच कळतं, की चेंडू हातानं पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा. पण पळणाऱ्याचे पाय कुणी धरले की तोंडातून आपोआप ‘पट!’ निघतं. लालबागच्या चाळीत कबड्डी खेळत वाढलेल्याचं दुसरं काय होणार?

आमच्या मंडळाचं क्रीडांगण म्हणजे चाळीमागचा तुकडा. रविवारी सकाळी फक्कीनं रेषा आखायच्या, दुपारपर्यंत त्यावर कुणाच्या तरी गोधड्या वाळायच्या. खजिनदार नाना. गिरणीची पहिली पाळी करून आले की वही काखेत मारून मध्यरेषेवर उभे. “काय रे, वर्गणी? नाही? मग चढाईपण नाही.” आमचा सगळ्यात चांगला कोपरारक्षक चार आण्यांपायी अख्खी संध्याकाळ कठड्यावर बसलेला मी पाहिलाय. आम्ही हरलो. नाना शांतपणे जमाखर्च लिहीत होते.

नानांना कलकत्त्याचा रग्बी क्लब आवडला असता. १८७३ ची स्थापना. सुरुवातीला सभासदांना बारमध्ये फुकट प्यायला मिळायचं. ते थांबलं आणि हजेरी रोडावली. बाकीच्यांना पोलो आणि टेनिसनं पळवलं. १८७८ मध्ये क्लब गुंडाळला. शिल्लक वाटून घेतली नाही की शेवटची पार्टीही झोडली नाही. बँकेतून चांदीचे रुपये काढले, वितळवले आणि चषक घडवला: नागाच्या तीन मुठी, झाकणावर हत्ती. तो लंडनच्या रग्बी युनियनला देऊन टाकला. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्या कलकत्ता कपासाठी भिडतायत. १९८८ मध्ये सामन्यानंतर तर्र झालेल्या खेळाडूंनी तो एडिंबरच्या रस्त्यावर लाथाडत नेला, चांगलाच चेपला. नानांनी दोन्ही संघांकडून दंड वसूल केला असता, पावतीसकट.

क्लब निघतात उत्साहात, नारळ फोडून. बंद करायला मात्र कुणी सभा बोलावत नाही. आमचं मंडळही बंद असं झालंच नाही. गिरण्या थांबल्या, पोरं विरार-बदलापूरला पांगली, चाळीचा टॉवर झाला. क्रीडांगणावर आता गाड्या असतात. खातं मात्र चालू आहे, दोघांच्या सहीचं: खजिनदार नाना आणि अध्यक्ष तात्या.

पाऊस थांबेपर्यंत करायचं काय, म्हणून कुंपणापाशीच उभं राहून डोंबिवलीला तात्यांना फोन लावला. कलकत्त्याची गोष्ट सांगितली. म्हटलं, आपल्याही पैशांचं काहीतरी करू या, वाटीएवढा का होईना, चषक.

“कर की,” तात्या म्हणाले. “पण लवकर बघ. नानाच्या सहीची जागा अजून भरली नाहीये, आणि माझीही रिकामी व्हायला आली.”