थ्री प्लस फोर की फोर प्लस थ्री? कोल्हापुरात बसून केलेला युरोपॅथॉलॉजीचा कोर्स

पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी चालू ठेवायला एवढे लागतात आणि ते जमवणं काही अवघड नाही. रविवारी एखाद्या हॉटेलात सीएमई, म्हणजे डॉक्टरांचं उजळणीचं सत्र, असते. सकाळी सही, दुपारी जेवण, चहाबरोबर सर्टिफिकेट. माझेही पॉइंट वर्षानुवर्षं असेच जमत आले. युरोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे प्रोस्टेट आणि मूत्रमार्गाच्या कॅन्सरवरच्या, ऑनलाइन कोर्सला नाव घातलं ते मात्र कामाच्या गरजेपोटी. मी पॅथॉलॉजिस्ट, राजारामपुरीत माझी लॅब आहे. कागल, गडहिंग्लज, इचलकरंजीकडून नमुने येतात: पित्ताशय, गर्भाशय, थायरॉइड, जे येईल ते. अलीकडे त्यात प्रोस्टेटच्या बायोप्सी भराभर वाढल्या. मुंबईतल्या कॅन्सर हॉस्पिटलात प्रोस्टेट बघणारा दिवसभर तेच बघतो. आमच्याकडे सकाळी अपेंडिक्स, दुपारी प्रोस्टेट.

मी मिरजेला एमडी केलं त्या काळात सुईच्या बायोप्सीवर ‘ग्लीसन टू प्लस टू’ लिहिलेले रिपोर्ट सर्रास दिसायचे. डोनाल्ड ग्लीसन यांची ही पद्धत १९६६ सालची: कॅन्सरच्या ग्रंथी किती बिघडल्या यावरून त्यांना एक ते पाच पॅटर्न द्यायचे आणि दोन पॅटर्नची बेरीज करायची, जास्त पसरलेला आधी. पुढे २००५ आणि २०१४ मध्ये युरोपॅथॉलॉजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, म्हणजे आयएसयूपीनं, ती बरीच बदलली. आता बायोप्सीवर बेरीज सहाच्या खाली कुणी नेत नाही. शिवाय एक ते पाच असे ग्रेड ग्रुप आले, म्हणजे थ्री प्लस थ्री हा ग्रुप एक, थ्री प्लस फोर दोन, फोर प्लस थ्री तीन. बेरीज दोन्हीकडे सातच, पण पेशंटचं पुढचं सगळं वेगळं. हे वाचून ठाऊक होतंच. वाचणं निराळं आणि डोळा बसणं निराळं.

कोर्सची रचना मला आवडली ती एका कारणासाठी. स्कॅन केलेल्या स्लाइडी यायच्या आणि आपलं उत्तर नोंदवल्याशिवाय व्याख्यान उघडायचंच नाही. उत्तर दिलं की बाकीच्यांनी काय दिलंय ते दिसायचं. रात्री लॅब बंद करून, जेवणं आटोपून मी लॅपटॉप उघडायचे. पहिल्याच संचात एका कोअरवर, म्हणजे सुईनं काढलेल्या तुकड्यावर, निम्मे लोक थ्री प्लस थ्रीवर आणि निम्मे थ्री प्लस फोरवर. जगभरातले अनुभवी पॅथॉलॉजिस्ट, आणि एकमत नाही! खरं तर मला बरंच वाटलं.

भांडण होतं ते नीट न घडलेल्या ग्रंथींवरून. लहान ग्रंथी तिरकी कापली गेली तरी ती अर्धवट, चेपलेली दिसते. तिला पॅटर्न चार म्हणायचं का? शिकवणाऱ्यांचं सांगणं असं, की एखाददुसरी तशी दिसली आणि शेजारी चांगल्या गोल ग्रंथी असल्या तर सोडून द्या. दहाच्या लेन्सवर तसा घोळका नजरेत भरला पाहिजे. चाळीसच्या लेन्सवर शोधत बसलं की प्रत्येक बायोप्सीत चार सापडतो. क्रिब्रिफॉर्म ग्रंथींचं मात्र सोपं: चाळणीसारखी भोकं दिसली की २०१४ पासून थेट चार, आणि रिपोर्टात तसा उल्लेखही करायचा, कारण अशा पेशंटला नुसतं देखरेखीखाली ठेवण्याबद्दल युरोलॉजिस्ट दोनदा विचार करतो. पॅटर्न चार किती टक्के तेही लिहायचं. पाच टक्के आणि पंचेचाळीस टक्के, दोन्ही थ्री प्लस फोरच, पण रोग तोच म्हणता येत नाही.

इंट्राडक्टल कार्सिनोमाच्या, म्हणजे ग्रंथींच्या नळ्यांच्या आतच पसरलेल्या कॅन्सरच्या, सत्राला शिक्षकांचंच आपसात जुंपलं. २०१९ मध्ये आयएसयूपीनं म्हटलं, नळ्यांबाहेर शिरलेल्या कॅन्सरसोबत हा असेल तर त्याला ग्रेडमध्ये धरा. त्याच वर्षी जीयूपीएस या दुसऱ्या संघटनेनं सांगितलं, धरू नका. मग आमच्यासारख्यांनी काय करायचं? जे कराल ते रिपोर्टात लिहा, एवढंच उत्तर मिळालं. मी आता शेवटी एक ओळ घालते.

मूत्राशयाच्या सत्रांनी माझं रोजचं काम जास्त बदललं. दुर्बिणीतून खरवडून आलेल्या तुकड्यांच्या, म्हणजे टीयूआरबीटीच्या, रिपोर्टात ‘स्नायू दिसतो’ एवढं लिहिणं पुरत नाही. अस्तराखालच्या थरातही बारीक, विस्कटलेले स्नायूतंतू असतात. खोलवरचे जाड गठ्ठे म्हणजे डिट्रूसर. पहिल्यात कॅन्सर असला तरी स्टेज टी वन, दुसऱ्यात शिरला की टी टू, आणि तिथे मूत्राशय काढण्याची चर्चा सुरू होते. चरबीचंही तसंच, ती वरच्या थरातही सापडते, त्यामुळे चरबीत पेशी दिसल्या म्हणून स्टेज वाढवायची नाही. आमचे एक युरोलॉजिस्ट नमुना पाठवल्यावर नेहमी फोन करतात. त्यांना म्हटलं, “सर, आता मी डिट्रूसर आहे, नाही किंवा जळल्यामुळे कळत नाही, असं तीनपैकी एक लिहिणार.” ते म्हणाले, “मॅडम, हेच तर पाहिजे होतं. नाही म्हणालात तर मी परत आत जातो, हाय ग्रेड असला तर तसाही जातो.” तेव्हापासून तळाचा तुकडा ते वेगळ्या बाटलीत पाठवतात. कोर्समधून हाती लागलेली सगळ्यात मोलाची गोष्ट मला ही वाटते.

लघवीच्या सायटॉलॉजीला, म्हणजे लघवीतल्या पेशींच्या तपासणीला, पॅरिस सिस्टिम ही रिपोर्ट लिहिण्याची पद्धत लावायला शिकले. हाय ग्रेड कॅन्सर आहे का हाच मुख्य प्रश्न धरला की ‘एटिपिकल’, म्हणजे धड नॉर्मल नाही, धड कॅन्सर नाही, अशा रिपोर्टांची खोगीरभरती आपोआप कमी होते. किडनीच्या कॅन्सरात जुनी फुरमन ग्रेड जाऊन न्यूक्लिओलसवर, म्हणजे पेशीकेंद्रातल्या ठिपक्यावर, आधारलेली ग्रेड आली, आणि क्रोमोफोब या प्रकाराला ती लावायचीच नाही. तेवढं एका संध्याकाळचं काम होतं.

एक विषयांतर. मूत्राशयाच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण तंबाखूचा धूर. रंग-रसायनांचा संबंधही जुना: लुडविग रेन यांनी जर्मनीत १८९५ सालीच रंगकारखान्यातल्या कामगारांमध्ये हा कॅन्सर नोंदवला होता. आणि आमच्याकडे कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमध्ये उमेदीची वर्षं काढलेल्या म्हाताऱ्याच्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात काय येतं? ‘घरी’. मी आता फोन करून विचारते.

लॅबमध्ये बदल करताना टेक्निशियनची समजूत घालावी लागली. प्रोस्टेटचा संशयास्पद भाग कधी कधी चारपाच ग्रंथींचाच असतो. पुन्हा मेणाचा ब्लॉक कापायला घेतला की तो निघून जातो. म्हणून मधले सेक्शन न रंगवता कोटेड स्लाइडवर उचलून ठेवायचे. पी६३, हाय मॉलिक्युलर वेट केराटिन आणि रॅसिमेज हे कॅन्सर पारखायचे खास रंग लावायचे तर त्यांवर लावता येतात. “मॅडम, कोटेड स्लाइड केवढ्याला पडते माहीत आहे ना?” तिनं विचारलं. माहीत होतं. शेवटी प्रत्येक कोअरमागे मोजकेच ठेवायचे ठरलं. या रंगांवर आंधळा विश्वास ठेवू नये हेही कोर्सनं बजावलं: रॅसिमेज कॅन्सर नसलेल्या नेफ्रोजेनिक ॲडेनोमातही उठतं, आणि पार्शल ॲट्रोफीत, तोही कॅन्सर नसताना, बेसल पेशी तुटक दिसतात, म्हणून आधी साधी एचअँडई स्लाइड नीट बघायची.

परीक्षा स्लाइडींवरच होती, घड्याळ लावून. पास झाले, सर्टिफिकेट आलं. ते कौन्सिलच्या पॉइंटमध्ये धरलं जाईल का हे कोर्सला नाव घालण्याआधी विचारून घ्या. नंतर धावपळ नको.

आता उरलेली लढाई बाटल्यांची. डावे-उजवे कोअर वेगवेगळ्या, नाव लिहिलेल्या बाटल्यांत पाठवा म्हणून मी एक पानाची सूचना छापून सगळीकडे दिली. बहुतेकांनी ऐकलं. एका ठिकाणाहून मात्र अजून सगळे कोअर एकाच बाटलीत येतात, गुंतलेले आणि तुटलेले. परवा तिथल्या ओटीच्या सिस्टरांना मी स्वतः रिकाम्या बाटल्यांचा खोका नेऊन दिला. त्यांनी विचारलं, “याचे पैसे कुणाच्या बिलात लावायचे?”